दोन वाजताची ओ

रात्री दोनला क्लाक्सविकहून
पाण्यापलीकडच्या फुग्लोय बेटावर
ऐदुन रोज कडी वाजवायचा.
कडी म्हणजे काय, काळ्या पडद्यावरची एक ओळ.
तिकडे दीपगृहाखालच्या खोलीत, लोखंडी कपाटात
एक म्हातारा राउटर.
तो विचारायचा, नाव?
ऐदुन सांगायचा.
तो विचारायचा, पासवर्ड?
ऐदुन टाइप करायचा, पडद्यावर काहीच उमटायचं नाही,
अंधारात पायांनी चपला शोधाव्यात तसं.

मग ठरलेलं बोलणं.
किती दिवस जागा आहेस?
किती पाकिटं वाटेत हरवली?
आहे ते नीट लिहून ठेव.
येतो.
एकोणीस वर्षं,
सुट्ट्या वजा करून, आणि त्या त्याने घेतल्याच कुठे.

निवृत्तीच्या आठवडाभर आधी
त्याची वही माझ्याकडे आली,
मटणाच्या रश्श्याचे डाग पडलेली.
मी तिच्या तीस ओळी केल्या:
नाव विचारलं की नाव दे.
पासवर्ड विचारला की पासवर्ड.
बाणाचं टोक दिसलं की समज, आत आलास.
वीस सेकंदांत ओ आली नाही तर परत फीर.
आठ रात्री बिनचूक.
साहेब म्हणाले, रानव्हा, आता झोप.

नवव्या रात्री, ऐदुनशिवायच्या पहिल्या,
सगळं फिसकटलं.
पहिल्या प्रश्नाचं उत्तर यायच्या आत दुसरा,
दुसऱ्याचं उत्तर तिसऱ्याच्या गळ्यात.
लिहून ठेव म्हटलेलं लिहिलंच गेलं नाही,
आणि माझी स्क्रिप्ट ‘येतो’ म्हणून निघूनही आली,
लग्नात चुकीच्या मांडवात जेवून आलेल्या पाहुण्यासारखी
समाधानाने.

सकाळी मी हाताने कडी वाजवली.
नाव. पासवर्ड.
आणि पूर्वी कधीच नव्हता असा मजकूर
एकेक ओळ उतरत आला:

कोण आहेस ते तू सांगितलंसच.
कपाटाची किल्ली –> सुन्नुवाच्या गोठ्यात, दारावर, डावीकडे.
वादळात घाई करू नकोस. रेडिओला धाप लागते.
मेंढ्यांची चौकशी कर, तिला बरं वाटतं.

जायच्या आदल्या रात्री लिहून गेला होता.
किल्लीकडे बोट दाखवणाऱ्या त्या बाणाला
माझी स्क्रिप्ट दार समजली
आणि उंबऱ्यावरूनच हुकूम सोडत बसली.

पुसायला एक ओळ पुरे होती.
ती लिहिलीही.
एंटरवर बोट होतं.
बाहेर बंदरात कुणीतरी नावेतलं बर्फ फावड्याने काढत होतं,
खरड, खरड, मग बराच वेळ काही नाही.

ओळ खोडली.
स्क्रिप्टला नव्याने शिकवलं:
नुसत्या बाणाला भुलू नकोस.
बाणाआधी बेटाचं नाव असेल
तरच आत आलास.
तोवर म्हाताऱ्याला बोलू दे.
आणि वीसचे नव्वद सेकंद केले.

खातं अजून त्याच्याच नावावर आहे,
बदलायचं राहिलंय.
राउटरच्या नोंदीत रोज उमटतं
ऐदुन आला, दोन वाजून तीन सेकंद.
ऐदुन गेला.
खरा ऐदुन इतका वक्तशीर कधीच नव्हता.
वहीत सापडतं: दोन दहा. दोन सतरा, कॉफी सांडली.
एका नाताळात तीन, आणि पुढे फक्त ‘माफ कर’.
कुणाला, ते लिहिलेलं नाही.

जानेवारीत त्याचा फोन आला, सकाळी सातला.
दोनला जाग येतेच म्हणाला,
इतकी वर्षं पगार मिळायचा, आता फुकट.
मग जरा थांबून,
काल ओ आली का?
आली.
किती वेळाने?
मी नोंद उघडली. सत्तर सेकंद.
पलीकडे किटली उकळत असल्याचा आवाज.

ईशान्येचा वारा, तो म्हणाला.
सुन्नुवाला सांग, मेंढ्या आत घे.